पाच मागे, एक पुढे

आधीच त्या दिवशी तिचं डोकं तापलेलं होतं. आदल्या संध्याकाळी देशाचा फुटबॉल संघ पुन्हा एकदा शून्य-शून्य बरोबरीत खेळला होता, बाबा जेवता जेवता ताटावरून उठले होते, आणि आता भर दुपारी एक चष्मेवालं गिऱ्हाईक काउंटरला चिकटून बटणं निवडत होतं. निवडत कसलं, एकेक बटण बोटाने पुढे ढकलून बघत होतं!

दुकान तिचंच. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा नमुना टाचलेला. अख्ख्या बाजारात तिला ‘तोफ’ म्हणायचे. तोंडावर नाही हं... तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती?

"कोटाला हवीत की स्वेटरला?" तिने शेवटी विचारलं.

"सरकवायची आहेत."

"काय करायची आहेत?"

"टेबलावर सरकवायची." तो ओशाळला. "म्हणजे सरकली पाहिजेत, पण घरंगळायला नकोत. अकरा हवीत. दहा एका रंगाची, एक वेगळ्या."

असलं गिऱ्हाईक तिच्या उभ्या जन्मात आलं नव्हतं. तिने चार भोकांची चपटी निळी बटणं काढली, एक पिवळं काढलं. पिवळं त्याने स्वतःच्या पोटाशी ठेवलं. मग निळ्यातली पाच बटणं त्याच्यापुढे एका ओळीत. त्यांच्यापुढे चार. आणि उरलेलं एक लांब, पार तिच्या बाजूला, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखं एकटं.

ती त्या बटणांकडे बघतच राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाच मागे?" ती म्हणाली.

त्याने दचकून वर पाहिलं.

"पाच मागे, चार मधे, एक पुढे! हा आपल्या संघाचा डाव आहे. तरीच! पेपरात येतं ना, संघाला शिकवणारे मोठे साहेब नुसते मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडतात, डोकं चालवणारा कुणीतरी चष्मेवाला मागे बसलेला असतो. तो तुम्हीच!"

"मीच," तो म्हणाला. डोळे मात्र बारीक हसले. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"हसता काय? घरात चोर शिरलाय का, की पाच-पाच जणांनी दार दाबून बसायचं? आणि हा पुढचा! बिचाऱ्याला नव्वद मिनिटांत बोलायला माणूस मिळत नाही. गोल करायचा कुणी, त्याच्या आजीने?"

"मधेही चार आहेत..."

"ते काय करतात मधे? हवा खातात?"

"खरं सांगू? कालच्या सामन्यात... हो, थोडी खाल्ली."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? समोरच्याने दोन शब्द उलटून बोलावेत, मग रंगत येते. हा आपला प्रत्येक घाव झेलत उभा. खेळतो तसाच बोलतो मेला, असं तिच्या मनात आलं.

बटणांची भानगड मात्र तिला विचारल्याशिवाय राहवेना. ती होती मोठ्या साहेबांची रीत. फळ्यावरच्या चकत्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येक खेळाडूला एक बटण द्यायचं आणि सामन्याआधी ज्याने त्याने ते आपल्या हाताने टेबलावर आपल्या जागी ठेवायचं. जागा हाताला कळली की पायाला कळते, असं त्यांचं म्हणणं. आणि सामना जिंकला नाही, की तो संच अपशकुनी! फेकून द्यायचा, नवा आणायचा.

"म्हणजे आता दर सामन्यानंतर याल तुम्ही," ती म्हणाली.

"जिंकेपर्यंत."

"मग जन्मभर येताय! आधी कुठून न्यायचात?"

"पलीकडच्या बाजारातून. त्यांच्याकडचे सगळे रंग संपले."

तिला हसू आलं, ते तिने दाताखाली दाबलं. पुडी बांधून त्याच्या हातात देताना मात्र तिचा आवाज बदलला.

"ते डावीकडचं शेवटचं बटण जपून न्या. माझा भाऊ आहे तो."

तिचा भाऊ म्हणजे सगळ्यांचा डावरा. शाळेत असताना हा पोरगा डाव्या कडेने पळायला लागला, की समोरचे खेळाडू नुसते त्याच्या पाठीवरचा आकडा वाचायचे. बाबा तरुणपणी कारखान्याच्या संघात उजव्या कडेने पळायचे. देशाच्या संघाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. म्हणून डावऱ्याच्या प्रत्येक सामन्याला ते मैदानाबाहेरून त्याच्या बरोबरीने पळायचे, धाप लागेपर्यंत. पोरगा देशाकडून खेळायला लागला, तेव्हा बाबांना आकाश ठेंगणं झालं.

आणि या वर्षी त्याला ओढून मागे उभा केला! पाचांतला एक. बाबांच्या डोक्यात तिडीक गेली. "मी देशाला पळणारा पोरगा दिला होता, यांनी त्याचा दरवाजा केला," असं म्हणत पहिले काही दिवस ते साहेबांना शिव्या देत होते. मग एका सामन्यात डावऱ्यापुढे सगळं मैदान मोकळं असताना तो पळालाच नाही. चेंडू दुसऱ्याला देऊन उभा राहिला. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला आणि बाबा एकच शब्द बोलले. "भित्रा." फोन ठेवला.

तेव्हापासून डावरा घरी फिरकला नव्हता. संघाचं शिबिर याच शहरात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तरीही नाही. बाबा सामना लागला की खुर्ची वळवून टीव्हीकडे पाठ करून बसायचे. बघायचं नाही, ऐकायचं तेवढं. टेबलाशी तीन खुर्च्या, माणसं दोन. तिला दुसरं काही नको होतं. ती तिसरी खुर्ची भरायला हवी होती, आणि ज्याने ती रिकामी केली त्या चष्मेवाल्याला जाब विचारायचा होता.

तो पुन्हा आला. एक-एक बरोबरी. मग पुन्हा आला. शून्य-शून्य.

हिरवा संच गेला, तपकिरी गेला. बाहेर भुरभुर पाऊस असला तर तो छत्री दाराबाहेर निथळत ठेवायचा, लादी ओली होऊ नये म्हणून. तिने हे पाहिलं आणि तिला त्याचाही राग आला. देशाचं वाटोळं करणाऱ्या माणसाने इतकं नीटनेटकं का असावं? शिव्या घालून घालून घसा कोरडा पडायचा, मग तिला चहा लागायचा, आणि समोर माणूस उभा असताना एकटीने चहा पिणं बरं दिसत नाही, म्हणून दुसरा कप. एवढंच हं. दुसरं काही नाही.

"आज कमी बोललात," एकदा तो कप ठेवत म्हणाला.

"घसा बसलाय. सामना बघताना ओरडले."

"काय ओरडलात?"

"तुमचं नाव घेऊन ओरडले. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या."

"माझं नाव तुम्हाला माहीत आहे?" त्याने इतक्या हळू विचारलं की ती... ती चक्क गोरीमोरी झाली. उगाचच एक खण उघडला, बंद केला.

"शत्रूचं नाव माहीत असावं लागतं."

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झालेले तिला दिसले.

त्याच दुपारी तिने धीर करून विचारलं. निर्णायक सामना तोंडावर आला होता. जिंकले तर संघ मोठ्या स्पर्धेत जाणार होता, नाहीतर सगळे घरी. "एकदा, फक्त एकदा माझ्या भावाला पुढे का नाही खेळवत? त्याला पळू द्या की हो! बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. घर मोडायला आलंय माझं."

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "सांगता येणार नाही."

"का?"

"सांगता येत नाही, म्हणून."

झालं! इतका वेळ ज्याला चहा पाजला त्याच्याकडून हे उत्तर? तिने खाडकन वरचा खण ओढला. त्यात जुनी पितळी बटणं होती, फुगीर, मागे कडी असलेली. लहानपणी ती आणि डावरा याच काउंटरवर बटणांचा फुटबॉल खेळायचे. चपटी बटणं बचावाला, आणि पितळी बटण म्हणजे डावरा स्वतः. नुसतं बोट लावलं की सुसाट. तिने दहा बटणं मोजून दिली आणि अकरावं पितळी टाकलं.

"हे डावीकडचं."

त्याने ते काउंटरवर ठेवून पाहिलं. ते कलंडलं आणि तिच्या दिशेने घरंगळलं. "हे मागे बसत नाही."

"नाहीच बसत! सांगा तुमच्या साहेबांना."

तो त्या बटणाकडे पाहत राहिला. मग त्याने ते मुकाट्याने उचललं, पुडीत घातलं आणि छत्री घेऊन गेला. तिच्या मनातली सगळी सरबत्ती तशीच राहिली.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारात डावरा उभा होता. दोन पायऱ्या चढायला त्याने दाराची चौकट धरली. तिने ते पाहिलं, पण आनंदाच्या भरात मनावर घेतलं नाही. त्याने मूठ उघडली. तळव्यावर पितळी बटण.

"ताई, हे तूच पाठवलंस ना?"

"मीच! मग? बसलं का मागे?"

"सगळ्यांची बटणं बसली. माझं मी बोटाने दाबून धरलं होतं." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "ताई... हे बटण आता पळत नाही गं."

मग त्याने सांगितलं. गेल्या वर्षी गुडघा गेला. सराव करताना, कुणी बघत नसताना. चालता येतं, उभं राहता येतं, थोडं धावताही येतं, पण ते डाव्या कडेचं सुसाट पळणं संपलं. संघातून काढतील म्हणून त्याने साहेबांकडे जाण्याआधी चष्मेवाल्याला गाठलं. चष्मेवाल्याने त्याच्या जुन्या सामन्यांचं चित्रण काढलं, रात्रंदिवस पाहिलं आणि म्हणाला, तुझं पळणं गेलं असेल, डावा पाय गेलेला नाही. तू मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू हाताने ठेवावा तसा अचूक नेऊन ठेवतोस. तुला पळायला लागू नये असा डाव मी मांडतो. म्हणून पाच. डावऱ्याच्या मागे, बाजूला धावायला माणसं हवीत म्हणून पाच. आणि पुढे तो एकटा, डावऱ्याच्या चेंडूची वाट पाहणारा.

"मग गोल का होत नाही?"

"पुढचा घाबरतो. चेंडू येईल यावर त्याचा भरवसा नाही. आधीच मागे वळतो. बसेल भरवसा."

"आणि हे तू घरी सांगितलं नाहीस? मूर्खा! गाढवा! बाबा तुला भित्रा म्हणाले, आणि तू ऐकून घेतलंस?"

"बाबांना काय सांगू? मी पळत नाही म्हणून? त्यांना भित्रा मुलगा चालेल, ताई. लंगडा चालायचा नाही. चष्मेवाल्याकडूनही मी वचन घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला. तिने पितळी बटण त्याच्या हातातून काढून घेतलं. खालचा खण उघडला. चार भोकांचं, चपटं, जाड, तिच्याकडचं सगळ्यांत चांगलं बटण निवडून त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि मूठ मिटवली.

"हे ने. हे बसेल."

भाऊ गेला तशी तिने दुकानाचं दार ओढलं आणि तरातरा सरावाच्या मैदानावर पोचली. चष्मेवाला कुंपणाशी उभा होता. भुरभुर सुरू झाली होती. त्याने तिला पाहिलं आणि आपली छत्री आपोआप तिच्या डोक्यावर धरली, स्वतः भिजत.

"ठेवा ती छत्री! मी भांडायला आलेय."

"छत्रीखाली भांडा."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला काय काय बोलले! येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकापाशी तुमचा उद्धार केला. नळावर केला, बँकेत केला. आणि तुम्ही माझ्या भावासाठी अख्ख्या देशाच्या शिव्या खात होतात!"

"वचन दिलं होतं. आणि..."

"आणि काय?"

"तुम्ही फार छान बोलत होतात."

तोफेत दारूच उरली नाही. पावसाचे थेंब त्याच्या चष्म्यावरून ओघळत होते आणि तो तिच्याकडे बघत होता की नाही, हेही नीट कळत नव्हतं.

"उद्या जिंकलात तर तोच संच ठेवणार?" तिने विचारलं.

"रीत आहे तशी."

"म्हणजे बटणं लागणार नाहीत."

"नाही."

"म्हणजे तुम्ही... " तिने वाक्य सोडून दिलं. त्याने ते पुरं करावं अशी तिची फार इच्छा होती. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि छत्रीची मूठ घट्ट धरली. पाच मागे! हाडाचा बचाववाला!

"मग जिंका एकदाचे!" ती कडाडली. छत्रीतून बाहेर पडून तशीच भिजत निघाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा नेहमीसारखे टीव्हीकडे पाठ करून बसले होते. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. समालोचक म्हणाला, डावीकडे पुन्हा मोकळी जागा होती, पण खेळाडू धावलाच नाही. बाबा फिसकन हसले. "भित्रा."

आणि तिचा बांध फुटला.

"गुडघा गेलाय त्याचा!" ती ओरडली. "गेल्या वर्षीच गेलाय! पायरी चढताना चौकट धरतो तुमचा मुलगा. तरी उभा आहे तिथे. तुम्ही लंगड्या पोराला टाकून द्याल म्हणून त्याने भित्रा म्हणवून घेतलं. भित्रा तो नाही, बाबा! आपण भिववलंय त्याला. तुम्ही आणि मी!"

बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले, उठले, खुर्ची उचलून वळवली आणि टीव्हीसमोर बसले. कितीतरी वेळ ते फक्त डाव्या कोपऱ्यातल्या त्या एका माणसाकडे पाहत होते.

"वाट बघतोय तो," बाबा पुटपुटले. "बघ, पुढचा अजून निघाला नाही. अरे निघ... निघ की लेका... येणार आहे चेंडू, वळू नकोस!"

पुढचा निघाला. या वेळी मागे वळला नाही. डावऱ्याने उभ्या जागेवरून डावा पाय फिरवला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळणाऱ्याच्या पायात अलगद पडला. गोल!

गल्लीत ओरडा झाला, भांडी वाजली. बाबा ओरडले नाहीत. ते हुंदके देत रडत होते. "असा पास मला जन्मात जमला नाही," ते म्हणाले. "नुसता पळत राहिलो मी."

एकच गोल, तोही पुरला. सामना संपल्यावर डावरा घरी आला, तेव्हा दार बाबांनी उघडलं. बाबांनी तिसरी खुर्ची ओढली, त्याला बसवलं, मग स्वयंपाकघरातून एक स्टूल आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"पाय वर घे," ते म्हणाले. आणि स्वतःच्या हाताने तो पाय उचलून स्टुलावर ठेवला.

आता सगळं छान झालं, असं वाटेल कुणाला. पण छे! दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारा जो तो एकच पाढा म्हणत होता. काय डाव मांडलाय हो! पाच मागे ठेवायला अक्कल लागते! महिनाभर ज्यांनी त्या माणसाला लाखोली वाहिली, तीच ही तोंडं! ती प्रत्येकाला फैलावर घेत होती. आणि दर वेळी दार वाजलं की मान वर करत होती.

तो आला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. का येईल? जिंकले ना! तिने बटणांचे खण पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. इतका चहा एकटीने पिऊन तिचं पित्त खवळलं.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. तो आत आला. पाऊस नव्हता, तरी छत्री आणली होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

"काय हवंय?" तिने खण आवरता आवरता, न बघता विचारलं.

"काही नको."

"संच हरवला?"

"नाही."

"धागा? सुई? अस्तर?"

"तेच शोधत होतो चार दिवस. कोटाचं बटणही तोडून पाहिलं, मग परत शिवलं. म्हटलं कारण घेऊन जाणं म्हणजे पुन्हा तेच... पाच मागे." त्याने छत्री काउंटरला टेकवली. "म्हणून आज रिकाम्या हाताने आलोय. मला तुम्ही आवडता. फार. तुम्ही रागावता तेव्हा तर..."

"म्हणजे शांत असले की नाही आवडत?"

"शांत असताना अजून पाहिलंच नाही."

"चार दिवस!" तिचा आवाज चढला, चढता चढता फुटला. "चार दिवस मी दाराकडे बघतेय! एवढं एक वाक्य बोलायला चार दिवस? अरे, तुझ्या भरवशावर बसले असते तर म्हातारी झाले असते मी! मलाही आवडतोस तू, कळलं? केव्हाचा आवडतोस! त्या पहिल्या पुडीपासून. आणि त्याचाच तर राग येतो मला!"

‘तू’ कधी आलं ते तिलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं होतं. त्याचे कान पेटले होते.

तिने गल्ल्याशेजारच्या वाटीतून ते पितळी बटण काढलं आणि काउंटरवर ठेवलं. ते कलंडलं, घरंगळत निघालं, थेट त्याच्या बाजूला. कडेवरून पडायच्या आत त्याने ते झेललं.

"ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "आणि पुन्हा कधी कारण शोधत चार दिवस घालवलेस, तर याद राख. बस आता. चहा टाकते."